बोट उमटलं नाही: नागपूरच्या एका काकूंचं ई-गेट प्रकरण

धरमपेठेत आमचं प्रवासाचं छोटं कार्यालय आहे आणि त्यात पासपोर्ट-व्हिसाचं टेबल माझ्याकडे. अठरा वर्षं हेच करते. विमानाचं तिकीट आता कुणीही मोबाइलवर काढतो. माझ्याकडे माणसं येतात ती फॉर्ममध्ये काय लिहायचं ते विचारायला, आणि खरं सांगायचं तर धीर घ्यायला. खाली दिलेलं प्रकरण मी नीट मांडून ठेवतेय, कारण त्यातला ई-गेटच्या, म्हणजे परदेशी जाता-येताना पासपोर्ट तपासणाऱ्या स्वयंचलित काचेच्या दाराच्या, नोंदणीचा फॉर्म मी भरला होता आणि "काकू, अर्ध्या मिनिटाचं काम आहे" हे वाक्यही माझंच होतं.

नावं देत नाही. ज्या विमानतळावर हे घडलं त्याचंही नाव देत नाही. तिथले कर्मचारी वाईट नव्हते आणि हे दुसऱ्या कुठल्याही विमानतळावर असंच घडलं असतं.

माणसं आणि कागद

काकू ६३ वर्षांच्या, काका ६७. नागपूरच्या महाल भागात त्यांची सावजी खानावळ होती, तीस वर्षं चालवली. मसाला घरी भाजायचा, वाटायचा. कढया राखेनं आणि नंतर साबणाच्या पावडरीनं घासायच्या. तव्यावरची पोळी उलथन्यानं नाही, बोटांनीच उलटायची. आता खानावळ मुलगा पाहतो. लेक सिंगापूरला, तिला पहिलं बाळ झालेलं. दोघांनाही पहिल्यांदाच देशाबाहेर जायचं होतं. त्यांचा प्रवास नागपूरहून एका मोठ्या शहरापर्यंत आणि तिथून रात्रीच्या विमानानं सिंगापूर असा ठरला. नागपूरहून थेट परदेशी विमानं आहेत ती आखाताकडची, शारजा-दोह्याची. पूर्वेकडे जायचं तर देशातच एकदा विमान बदलावं लागतं.

दोघांचे पासपोर्ट नवे, २०२४ मध्ये नागपुरातूनच निघालेले आणि चिपवाले. मुखपृष्ठावर खाली छोटं सोनेरी चिन्ह असतं, त्यावरून ओळखू येतो. १ एप्रिल २०२४ पासून आपल्या देशात ई-पासपोर्ट प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या कार्यालयांत भुवनेश्वरबरोबर नागपूरही होतं. आपल्या गावाबद्दल मला याचं अप्रूप आहे.

या चिपबद्दल लोक काय काय विचारतात! "यानं आपण कुठं आहो ते सरकारले दिसते का?" नाही दिसत. चिपला बॅटरी नसते. वाचणारं यंत्र अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर आलं की त्याच्याच लहरींवर ती जागी होते. तेव्हाही लगेच काही सांगत नाही. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर खाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यातला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांपासून एक किल्ली तयार होते आणि त्या किल्लीनं चिप उघडते. म्हणजे पासपोर्ट उघडून यंत्रावर ठेवल्याशिवाय चिप वाचता येत नाही. आत तीच माहिती असते, तुमचा फोटो असतो आणि त्यावर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते. फोटो बदलायचा प्रयत्न केला तर सही जुळत नाही. खोटा पासपोर्ट बनवणाऱ्याचं सगळ्यात जुनं काम, पान उचकटून फोटो बदलणं, या सहीमुळे संपलं.

आता ई-गेट. आपल्याकडे यासाठी 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम' नावाची योजना आहे. २२ जून २०२४ ला दिल्लीच्या टर्मिनल ३ वर तिची सुरुवात झाली. १६ जानेवारी २०२५ ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद अशी सात विमानतळं जोडली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोझिकोड आणि अमृतसर. या तिन्ही याद्यांत नागपूर नाही. योजना भारतीय नागरिकांसाठी आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी आहे. ऑनलाइन अर्ज करायचा, यंत्रणा तुमची पडताळणी करतात, मग बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायचा. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टच्या मुदतीपर्यंत, जे आधी संपेल तोवर चालते. त्यानंतर गेटवर बोर्डिंग पास दाखवा, पासपोर्ट दाखवा, तुम्ही तेच आहात याची ओळख पटवा; गेट उघडलं की इमिग्रेशन झालं असं मानलं जातं. तीस सेकंदांत सुटका, असं उद्घाटनाच्या वेळी सांगितलं गेलं. मी तेच वाक्य काकूंना दिलं.

त्या रात्री

२०२५ चा पावसाळा होता. दोघं रात्री साडेअकराच्या सुमारास इमिग्रेशनच्या हॉलमध्ये पोहोचले. काउंटरपुढे रांगा, गेटपुढे जवळजवळ कुणी नाही. काका म्हणाले, "मी आंधी जाऊन पाहतो, मंग तू ये." ते गेले, बोट ठेवलं, काच सरकली, पलीकडे. एक मिनिटही लागलं नसेल.

काकू आत शिरल्या. मागची काच बंद झाली. पासपोर्ट वाचला गेला, बोर्डिंग पास वाचला गेला, बोट ठेवा असं चित्र आलं. ठेवलं. लाल. पुन्हा ठेवलं. लाल. पडद्यावर इंग्रजीत आणि हिंदीत काहीतरी आलं, पण चष्मा काकांच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये होता. त्याच पाऊचमध्ये दोघांचे व्हिसाचे कागद, फोन आणि पैसे. काकूंच्या हातात फक्त पासपोर्ट आणि बोर्डिंग पास. काका पलीकडून काचेआडून हातवारे करत होते, "दाब, दाब." काकूंनी पदराला बोट पुसलं आणि जीव खाऊन दाबलं. जास्त दाबलं की बोटावरच्या रेषा चपट्या होऊन एकमेकींत मिसळतात आणि ठसा आणखी बिघडतो, हे त्या दोघांना कोण सांगणार? तिसऱ्यांदाही लाल.

पुढची काच उघडेना, मागची उघडेना. नंतर माझ्या टेबलासमोर बसून हे सांगताना काकूंनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. पेरावरची कातडी गुळगुळीत, चकाकणारी, मधोमध जुन्या चटक्याचा पांढुरका डाग, नखाच्या कडेला अजून हळदीची पिवळी रेघ. त्या बोटावर रेषा अशा नव्हत्याच. मी त्या बाईंचा फॉर्म भरला होता, त्यांच्या हातून कागद घेतले होते आणि तो हात एकदाही पाहिला नव्हता.

थोड्या वेळानं एक कर्मचारी आला. अनेक गेटांना मिळून तो एकटाच होता, दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी बोर्डिंग पास वाचलं जात नव्हतं म्हणून तिकडे गेला होता. त्यानं मागची काच उघडली. काकूंनी विचारलं, "माझं काही चुकलं का साहेब?" तो म्हणाला, "नहीं अम्मा, काउंटर पे जाइए." आणि दुसरीकडे वळला. काकांना परत अलीकडे येता येईना, त्यांचं इमिग्रेशन झालेलं. तिथं उभंही राहू देईनात. काकू चाळीसेक माणसांच्या रांगेत सर्वांत मागे. सोबत कुणी नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. पन्नास मिनिटं गेली. विमानाची घोषणा सुरू झाली होती.

काउंटरवर पोहोचल्यावर काय झालं ते त्यांच्याच शब्दांत: "त्यानं विचारलं कुठं चालल्या, मी म्हणलं लेकीकडे. शिक्का मारला न् पासपोर्ट सरकवला. त्यानं माह्या तोंडाकडे पाहिलंच नाही ताई."

विमान मिळालं. सिंगापूरला पोहोचल्यावर लेकीनं फोन करून मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं ते काकूंच्या त्रासाचं. ते शेवटचं वाक्य माझ्या ध्यानात यायला पुष्कळ दिवस गेले.

बिघाड कुठं होता

गेट बिघडलं नव्हतं. गेटनं तेच केलं जे त्याला शिकवलं होतं: ठसा जुळला नाही तर उघडायचं नाही.

ठसा जुळवणं म्हणजे सगळ्या बोटाचं चित्र चित्रावर ठेवणं नव्हे. रेषा जिथं संपते किंवा जिथं तिला फाटा फुटतो ती ठिकाणं यंत्र टिपतं आणि त्यांची परस्परांतली मांडणी ताडून पाहतं. झिजलेल्या बोटावर अशी ठिकाणं थोडी उरतात. वातानुकूलित हॉलमधल्या कोरड्या हवेत कातडी काचेला नीट चिकटत नाही, तेव्हा त्यातलीही काही हरवतात. नोंदणीच्या वेळी मात्र समोर माणूस होता. त्यानं काकूंना हात धुवायला लावले, ओलसर बोट चार-पाच वेळा ठेवायला लावलं, शेवटी एकदाचं "हो गया" म्हणाला. झालं ते कसंबसं झालं होतं. नोंदणी कच्ची, हे त्या दिवशीच दिसत होतं. पण पुढे गेटवर त्या एकट्या असतील तेव्हा काय, याचा विचार तिथं कुणी केला नाही. मीही केला नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट काकूंनी परत आल्यावर सहज सांगितली: "रेशनच्या दुकानातही माह्यं बोट कधी उमटत नाही. पोराले न्यावं लागते." हे महालात, इतवारीत, गोळीबार चौकात कुणालाही विचारा. विणकर, भांडी घासणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर, शेतात निंदण करणाऱ्या आज्या, सगळ्यांना हा अनुभव आहे. आधारच्या व्यवस्थेत म्हणूनच कुठलं बोट चांगलं उमटतं ते शोधायची सोय केली गेली, डोळ्याच्या बुबुळाचीही नोंद घेतली गेली. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ च्या नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय आली, तीही याच अडचणीपायी. म्हणजे देशाला ही गोष्ट ठाऊक आहे. रेशनच्या रांगेत जे आपण शिकलो ते विमानतळाच्या गेटापर्यंत पोहोचलं नाही, एवढंच.

एकच खुंटी, दोन टोकं

सुरक्षा की सोय, असा प्रश्न लोक तराजूसारखा मांडतात. गेटच्या आत खरोखर एक खुंटी असते, तंबोऱ्याला असते तशी. किती जुळलं म्हणजे 'जुळलं' म्हणायचं, तो आकडा. खुंटी आवळली तर परका माणूस सुटणं अवघड होतं, पण खरा माणूसही जास्त वेळा अडतो. सैल सोडली तर उलट. युरोपच्या सीमारक्षक संस्थेनं, फ्रॉन्टेक्सनं, चेहरा ओळखणाऱ्या गेटांसाठी जो मापदंड सुचवला त्यात परका माणूस चुकून स्वीकारला जाण्याचं प्रमाण ०.१ टक्क्यावर ठेवायचं आणि खरा माणूस चुकून अडण्याचं प्रमाण ५ टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही, असं आहे.

हे ५ टक्के कागदावर किरकोळ दिसतात. तीनशे प्रवाशांचं विमान धरा. पंधरा माणसं. एकापाठोपाठ चार विमानं उतरली किंवा सुटायची असली तर साठ. ही साठ माणसं कोण? सगळ्यांवर सारखी वाटली जातील असं होत नाही. ज्यांची बोटं झिजली आहेत, ज्यांचा चेहरा आजारपणानं बदलला आहे, जे फार उंच किंवा फार ठेंगणे आहेत, तीच ती माणसं पुन्हापुन्हा अडतात. काका दहा वेळा गेले तर दहाही वेळा सुटतील. काकू दहाही वेळा अडतील.

याची दुसरी बाजूही मला मान्य करायला हवी, नाहीतर प्रकरण एकतर्फी होईल. माणूस काउंटरवर बसला म्हणजे सुरक्षा पक्की, हे खरं नाही. ऑस्ट्रेलियात पासपोर्ट अधिकाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. समोरचा माणूस आणि फोटोतला माणूस वेगळे असूनही अधिकाऱ्यांनी १४ टक्के वेळा तो तोच आहे असं म्हटलं, आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवानं त्यात फरक पडलेला दिसला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये मलेशियाचं एमएच ३७० बेपत्ता झालं. त्या विमानात दोन जण चोरीच्या पासपोर्टवर चढले होते, एक ऑस्ट्रियाचा, एक इटलीचा. दोन्ही पासपोर्ट इंटरपोलच्या चोरी-हरवलेल्यांच्या यादीत नोंदलेले होते. ती यादी २००२ पासून आहे. कुणी तपासून पाहिलं नाही. विमान नाहीसं होण्याशी त्या दोघांचा संबंध आढळला नाही, पण दोन माणसं दुसऱ्याच्या नावानं सीमा ओलांडून गेली हे उरतंच. यादी तपासायला गेट विसरत नाही. रात्री दोन वाजता त्याला झोप येत नाही. गर्दी पाहून ते घाईही करत नाही.

म्हणून मी गेटच्या विरोधात नाही.

गेटलाही फसवता येतं. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की दोन माणसांचे चेहरे संगणकावर मिसळून एक फोटो बनवला, तो पासपोर्टवर गेला, तर गेट दोघांनाही आपलं मानू शकतं. यावर उपाय गेटपाशी सापडत नाही, तो पासपोर्ट काढतानाच करावा लागतो. ज्या देशात अर्जदार स्वतःचा छापील फोटो आणून देतो तिथं ही फट राहते. जर्मनीनं २०२५ च्या मे महिन्यापासून घरून आणलेला कागदी फोटो घेणं बंद केलं. आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो काउंटरवरच, समोर बसवून काढतात. लोक माझ्याकडे येऊन कुरकुरतात की तिथला फोटो चांगला येत नाही, स्टुडिओतला का चालत नाही. तर यासाठी चालत नाही. तो वाकडातिकडा फोटो आपल्या सीमेची एक मजबूत कडी आहे आणि ती नागपूरच्या केंद्रातल्या एका साध्या खुर्चीवर तयार होते.

ज्याला गेट नाही म्हणतं

आता त्या वाक्याकडे येते. "त्यानं माह्या तोंडाकडे पाहिलंच नाही."

घडलं काय, ते सुरक्षेच्या बाजूनं पाहा. यंत्रणेनं एका प्रवाशाला तपासलं आणि सांगितलं की या व्यक्तीची ओळख पटत नाही. सगळ्या हॉलमध्ये त्या क्षणी जर कुणाकडे नीट पाहायला हवं होतं तर ते काकूंकडे. काकू भल्या बाई आहेत हे मला ठाऊक आहे, यंत्रणेला नव्हतं. त्यांच्या जागी कुणी दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन आलेला असता तर गेटनं त्यालाही असंच अडवलं असतं, मग कर्मचाऱ्यानं मागची काच उघडून त्याला असंच काउंटरकडे धाडलं असतं आणि चाळीस माणसांच्या रांगेनं कावलेल्या अधिकाऱ्यानं त्याच्याही तोंडाकडे न पाहता शिक्का मारला असता. गेटची सगळी कडक शिस्त त्या एका शिक्क्यापाशी वाया गेली.

गैरसोय आणि असुरक्षा त्या रात्री एकाच ठिकाणी होती, ती गेट आणि काउंटर यांच्या मधल्या पंचवीस पावलांत. तराजूच्या दोन पारड्यांत त्या वेगवेगळ्या बसलेल्या नव्हत्या. त्या पंचवीस पावलांत काकूंच्या सोबत एक माणूस असता, किंवा गेटशेजारीच एक टेबल असतं आणि तिथल्या अधिकाऱ्याला पडद्यावर 'ठसा जुळला नाही, तीन प्रयत्न' एवढं दिसलं असतं, तर काकूंची पन्नास मिनिटं वाचली असती आणि देशाची तपासणीही पुरी झाली असती. चेहरा पाहायचा, दोन प्रश्न विचारायचे, नोंद उघडायची. पाच मिनिटांचं काम.

गेट बसवलं की काउंटरवरची माणसं कमी करता येतील, हा हिशोब म्हणूनच मला घातक वाटतो. गेटनं वाचवलेली माणसं गेटच्या बाजूलाच लागतात. सोपे प्रवासी यंत्राकडे गेले की माणसाकडे उरतात ते सगळे अवघड: लहान मुलं घेऊन आलेले, बोट न उमटणारे, कागद अर्धवट असलेले, आणि त्यांच्यातच मिसळलेला एखादा खरोखर संशयित. प्रत्येकाला आधीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो आणि आपण तिथली खुर्चीच उचलायला निघतो.

ब्रिटनचं उदाहरण ताजं आहे. तिथं २७० हून अधिक ई-गेट आहेत आणि ती फक्त नोंदणी केलेल्यांसाठी नाहीत. ठरावीक देशांचा चिपवाला पासपोर्ट असलेला कुणीही त्यातून जातो. भारत त्या देशांत नाही, हे लंडनला निघालेल्या प्रत्येकाला मला समजावून सांगावं लागतं. ७ मे २०२४ च्या संध्याकाळी नेटवर्कमधल्या बिघाडानं देशभरातली गेटं एकदम बंद पडली, मध्यरात्र उलटल्यावर चालू झाली. तोवर विमानतळांवर लांबच लांब रांगा. काउंटरवरचा एक अधिकारी आजारी पडला तर एक खिडकी बंद होते; गेटं पडतात तेव्हा सगळी एकदम पडतात. त्या वेळी हातानं काम करणारी माणसं पुरेशी नसतील तर रांग वाढते आणि रांग वाढली की पुन्हा तेच, न पाहता मारलेले शिक्के.

सिंगापूरचं टोक

चांगी विमानतळावर काकू घाबरतच उतरल्या. समोर पुन्हा गेटच. तिथं परदेशी पाहुण्यांनाही आधी वेगळी नोंदणी न करता स्वयंचलित मार्गिकेतून जाता येतं. काकूंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि काच उघडली. बोटाचा प्रश्नच आला नाही. तिथं मुख्य ओळख डोळ्यावर आणि चेहऱ्यावर आहे. "अवो, त्यानं तर मले काही विचारलंच नाही," असं त्या अजून नवलानं सांगतात.

विचारलं होतं, आधीच. व्हिसाच्या अर्जात विचारलं, प्रवासाच्या आधी तीन दिवसांच्या आत भरायच्या आगमन कार्डात विचारलं. ते कार्डही मीच भरलं होतं. काकू गेटसमोर उभ्या राहिल्या तोवर त्या कोण, कुणाकडे, किती दिवस, हे तिथल्या यंत्रणेनं चाळून झालं होतं. उरला होता तो एकच प्रश्न: समोरची बाई तीच आहे का? आपल्या योजनेतही पडताळणी आधीच होते आणि ती चांगली होते असं माझं मत आहे. अडलं ते त्या शेवटच्या प्रश्नापाशी, आणि तोही एका वाटेनं सुटला नाही तर दुसऱ्या वाटेनं सोडवायची तयारी नव्हती म्हणून.

परतीच्या वेळी काकांनी हट्टानं गेट टाळलं. दोघं काउंटरवर गेले. या खेपेला एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी काकूंना चष्मा काढायला सांगितला, फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला, पडद्यावर काही वाचलं आणि विचारलं, "जाते वक़्त गेट में दिक़्क़त हुई थी?" काकूंनी बोट दाखवलं. बाईंनी ते बोट हातात धरून पाहिलं. मग म्हणाल्या की दुसऱ्या हाताचा अंगठा बरा दिसतोय, पुढच्या वेळी गेटजवळच्या माणसाला आधीच सांगा. चार मिनिटं लागली असतील. काकूंना मी विचारलं, एवढं तपासलं तर राग नाही आला? "कायचा राग, ताई? तिनं पाहिलं तरी."

माझ्या टेबलावर

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. फॉर्म उघडायच्या आधी हात पाहते आणि विचारते, रेशनच्या दुकानात बोट उमटतं का, बँकेत उमटतं का? नाही म्हणाले तर ई-गेटची नोंदणी करायला सांगते, पण त्या दिवशी दोन्ही हातांची बोटं नीट तपासून घ्या, कुठलं चांगलं आलं ते विचारून घ्या असंही सांगते. प्रवासाच्या चार-पाच दिवस आधीपासून रात्री हाताला खोबरेल लावायचं, गेटवर जाण्याआधी पुसून टाकायचं. बोट ठेवायचं हलकं, दाबायचं नाही. आणि "अर्ध्या मिनिटाचं काम" हे वाक्य मी सोडून दिलं. आता सांगते: झालं तर लगेच होईल, नाही झालं तर घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही, अडीच-तीन तास हाताशी ठेवून जा.

नागपूरला गेट कधी येतील तेव्हा येतील. सोनेगावचा, म्हणजे आपल्या नागपूर विमानतळाचा, इमिग्रेशन हॉल मोठ्या शहरांच्या मानानं लहान, विमानं थोडी, रात्री-पहाटेची. शारजाच्या विमानाला यवतमाळ-अमरावतीहून आलेली, आखातात कामाला निघालेली किती तरी माणसं असतात. गवंडी, वेल्डर, सुतार. त्यांच्या हातांबद्दल मी वेगळं काय सांगू? इथं गेट बसवायचं ठरलं तर बसवणाऱ्यांनी आधी एक रात्र त्या रांगेत उभं राहून ते हात पाहावेत, आणि गेटच्या काचेला लागूनच एक टेबल, एक खुर्ची आणि पाहणारा एक माणूस ठेवावा अशी माझी कळकळीची मागणी आहे. हॉल लहान असण्याचा हा फायदाच म्हणायचा, पंचवीस पावलं चालावी लागणार नाहीत.

काकूंचं पुन्हा तिकीट झालंय. नातवाचा पहिला वाढदिवस. नोंदणी अजून चालू आहे, तेव्हा गेट की काउंटर, असं विचारायला दोघं आले होते. मी म्हटलं गेट. पण क्रम बदला. काकू पुढे, काका मागे. काकू अडल्या तर काका अलीकडेच असतील, दोघं मिळून काउंटरवर जातील. डाव्या हाताचा अंगठा. काकांनी मान हलवली आणि कागद पाऊचमध्ये भरायला घेतले, तशी काकूंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"पाऊच या टायमाले माह्या गळ्यात राहीन," त्या म्हणाल्या.